दिवा हलवा, पण स्लॅब कोरू नका

चुलीवरचं उतरवून, भांडी बाजूला सारून रेडिओजवळ बसला असाल. आज मी कर्जाच्या हप्त्याचं काही बोलणार नाही. आज बोलायचंय ते एका ट्यूबलाईटबद्दल, आणि ती एका भिंतीवरून दुसरीकडे नेताना आम्ही काय घोळ घातला त्याबद्दल. घोळात माझा वाटा मोठा होता, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या एका गटाला शाळेच्या गणवेशाचं शिवणकाम मिळालं. गटातल्या एका ताईंच्या घरकुलातली पुढची खोली त्यासाठी घेतली. खोली बारा बाय चौदा फुटांची, वर सिमेंटचा स्लॅब. खिडकीच्या भिंतीला लागून चार मशिनी मांडल्या, म्हणजे दिवसा समोरून उजेड येतो. दिवसा सगळं छान. पण आपल्या बायकांना दिवसा वेळ असतो कुठं? रान, जनावरं, पोरांच्या शाळा उरकून मशिनीवर बसायला संध्याकाळ होते. आणि खोलीतली एकुलती एक ट्यूब होती दाराच्या भिंतीवर, म्हणजे बरोबर आमच्या पाठीमागं. बाई मशिनीवर वाकली की तिच्या डोक्याची सावली थेट सुईवर. पंधरा दिवसांत दोघींच्या बोटात सुई गेली. एका मावशींच्या नखातून आरपार गेली आणि टोक आत मोडलं. तालुक्याला नेऊन काढावं लागलं. मावशी म्हणाल्या, "डोळे गेले गं माझे आता." डोळे कुठले जातात? उजेडच चुकीच्या जागी होता.

तर ट्यूब हलवायचं ठरलं. कुठं हलवायची हे ठरवायला मात्र आम्ही अक्कल वापरली, ती आधी सांगते. एका मुलाकडून लांब वायरला ट्यूब जोडून घेतली, ती बांबूला बांधली आणि दोन संध्याकाळी खोलीत इकडं तिकडं धरून बघितली. ऐन डोक्यावर धरली तरी पुढं वाकलं की सावली पडतेच. खिडकीच्या भिंतीपासून दीड फूट अलीकडं, छताला, आणि बसणाऱ्या बाईच्या जरा डाव्या अंगाला धरली तेव्हा सुई लख्ख दिसायला लागली. त्याचं कारण सोपं आहे. शिलाई मशिनीचा दांडा उजवीकडं असतो, सुई डावीकडं. उजेड डावीकडून समोरून आला की मशिनीची सावलीही आड येत नाही. एकच ट्यूब मधोमध लावण्याऐवजी दोन मशिनींमागं एक, अशा दोन 20 वॅटच्या एलईडी ट्यूब लावायच्या ठरल्या. जुनी 40 वॅटची होती, म्हणजे वीज तेवढीच आणि ट्यूब दोन.

तुमच्याही घरात बघा. ओट्यापुढं उभं राहिलं की दिवा पाठीमागं येतो आणि विळीवर आपलीच सावली. भाजी चिरताना बोट कापलं की आपण म्हणतो लक्ष नव्हतं. दिवा ओट्याच्या वर किंवा समोर असला पाहिजे. आणखी एक, ट्यूब पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका. पंखा फिरला की उजेड लुकलुक करतो आणि डोकं दुखतं. आम्ही पंखा लावून तेही बघून घेतलं. फोडाफोडीच्या आधी अशा दोन संध्याकाळी घालवायला काही पैसे लागत नाहीत.

आता घोळ. वायर न्यायची होती दाराच्या भिंतीवरून समोरच्या भिंतीपर्यंत, चौदा फूट. वायरमन म्हणून काम करणारा एक जण आला. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "ताई, वरून पट्टी मारली तर घाण दिसंल. छताला खालून दोन बोटं झिरी मारतो, पाइप आत टाकतो, वरून पुट्टी. कुणाला कळणार बी नाही." मला ते पटलं. पुढच्या महिन्यात बँकेचे साहेब खोली बघायला येणार होते. छत स्वच्छ दिसावं, लोंबती वायर नको, असं मला वाटत होतं. मी म्हटलं, मारा झिरी.

दीड फूट झिरी मारून झाली होती. धूळ नुसती. तेवढ्यात आमच्या गटातल्या एक काकी आल्या. या काकींनी ऐन उमेदीची वर्षं बांधकामावर बिगारी म्हणून काढलीत, घमेली वाहिलीत, स्लॅबचं लोखंड बांधू लागल्यात. त्या दारातूनच ओरडल्या, "आरं थांबीव ते! लोखंड तोडशील!" तो म्हणाला, "मावशी, तुमाला काय कळतंय?" काकींनी स्टूल ओढलं, वर चढल्या, झिरीत बोट घातलं आणि म्हणाल्या, "ही बघ सळई. लागली की रं तुझी मशीन." खरंच, सळई उघडी पडली होती आणि तिच्यावर कटरचा चकचकीत ओरखडा होता. तुटली नव्हती. अजून दोन मिनिटं गेली असती तर तुटली असती, आणि चौदा फुटांत अशा किती सळया आडव्या आल्या असत्या ते तुम्हीच मोजा. सळया साधारण वीतभर अंतरावर असतात.

मला काकींनी त्या दिवशी जे समजावलं, ते नंतर घरकुलाच्या इंजिनिअर साहेबांनीही तसंच सांगितलं. तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. बाजेवर माणूस बसला की बाज खाली झोळते. त्या वेळी सुंभ ताणला जातो, आणि तोच आपल्याला पेलून धरतो. स्लॅबचंही तसंच आहे. भिंतींवर टेकलेला स्लॅब स्वतःच्या वजनानं मध्ये किंचित खाली वाकायला बघतो. वाकताना त्याचं वरचं अंग दाबलं जातं आणि खालचं अंग ताणलं जातं. काँक्रीट दाब कितीही सोसतं, ताण मात्र त्याला सोसत नाही, चिरतं. म्हणून ताण सोसायला लोखंड घालतात, आणि ते घालतात खालच्या अंगाला. म्हणजे आपण खोलीत उभं राहून वर बघतो ना, तिथंच, अगदी जवळ. छत खालून कोरणं म्हणजे ज्या बाजेवर निजायचं तिचाच सुंभ कापणं.

(काकींनी एक जास्तीचं सांगितलं. दारावरचा सज्जा किंवा बाहेर आलेली गॅलरी, जी एकाच बाजूनं भिंतीत धरलेली असते, तिचं सगळं उलटं. तिथं मुख्य लोखंड वरच्या अंगाला. म्हणून गॅलरी वरून कोरू नये. स्लॅब टाकताना गॅलरीच्या सळयांवर पाय देऊन त्या खाली दाबू नयेत म्हणून ठेकेदार ओरडायचा, म्हणाल्या, तेव्हा वाटायचं उगंच ओरडतोय.)

नुसते आकडे मांडले तरी कळतं. घराच्या स्लॅबची जाडी चार ते पाच इंच. खालच्या सळईच्या खाली काँक्रीटचं जे अस्तर ठेवतात त्याला कव्हर म्हणतात, ते 20 मिलीमीटर, म्हणजे एका बोटाच्या जाडीएवढं. त्याच्या खाली छताचा गिलावा, जेमतेम 6 मिलीमीटर. आता वायर टाकायचा नेहमीचा पाइपच 20 मिलीमीटरचा येतो. तो पुरायचा, वर पुट्टी धरायला जागा ठेवायची, म्हणजे झिरी 25 मिलीमीटरच्या पुढं जाणार. सळई लागल्याशिवाय हे होतच नाही. वायरमन कितीही हुशार असला तरी होत नाही.

आणि सळई कापली नाही, नुसती उघडी पडली, तरी धोका संपत नाही. ते बोटभर कव्हर लोखंडाला हवा आणि ओल लागू नये म्हणून असतं. वरून नुसती पुट्टी किंवा पीओपी फासलं की पावसाळ्यात ओल धरते, सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की खालचं काँक्रीट खपल्या होऊन पडतं. जुन्या शाळांची, दवाखान्यांची छतं अशी पडलेली तुम्ही बघितली असतील. ती कुणी कोरली नव्हती, कव्हर कमी पडलं होतं एवढंच. आपण तर ते हातानं काढत होतो.

मग कुणी म्हणेल, पाइप नको, नुसती वायरच गिलाव्यात दडपू. तेही नको. वायरवरचं प्लॅस्टिक एकेरी असतं, सिमेंटमध्ये थेट पुरलं की कधी कुठं खरचटलं ते कळत नाही. मग ओल्या दिवसात भिंतीला हात लागला की झिणझिण्या. "आमच्या घरात पावसाळ्यात भिंतीला करंट येतो," असं हसत सांगणाऱ्या बायका मला बैठकीत भेटतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. मेन बंद करून वायरमनला बोलवायची ती गोष्ट आहे.

आमच्या त्या दीड फुटाचं काय केलं? इंजिनिअर साहेबांनी बघितलं. सळईचा ओरखडा वरवरचा आहे म्हणाले. गवंड्यानं झिरीतली धूळ तारेच्या ब्रशनं काढली, पाणी मारून, सिमेंटचा चिकट घोळ लावून, दुरुस्तीच्या केमिकलचा माल दाबून भरला आणि सात दिवस ओला ठेवला. छताला ओलं पोतं कसं ठेवायचं? खालून बांबूचा टेकू देऊन. सात दिवस मशिनी बंद. दुरुस्तीला 1,200 रुपये गेले. पुढं ट्यूबच्या कामाला किती गेले ते ऐकाल तेव्हा हा आकडा आठवा.

आता बरोबर कसं करायचं.

स्लॅब पडून गेला असेल तर छताच्या आत वायर लपवायचा नाद सोडा. भिंतीत लपवा, छतावर पट्टी मारा. आम्ही हेच केलं. पट्टी म्हणजे ते पांढरं प्लॅस्टिकचं, खाली खोबण आणि वर दाबून बसणारं झाकण. दुकानात केसिंग-कॅपिंग म्हणून मिळतं, एक लांबी दोन मीटरची, म्हणजे साडेसहा फूट. गंमत अशी की पट्टी छताच्या मधून नेली तरच घाण दिसते. आम्ही ती दाराच्या भिंतीवरून सरळ वर नेली, मग आडव्या भिंतीच्या अगदी वरच्या कडेनं, जिथं भिंत आणि छत मिळतं त्या कोपऱ्यानं, चौदा फूट नेली, आणि खिडकीजवळ फक्त शेवटचे चार फूट छताला. वर भिंतीच्याच रंगाचा हात मारला. बँकेचे साहेब येऊन गेले, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

भिंतीच्या कडेनं नेण्याचा दुसरा फायदा म्हणजे स्क्रू भिंतीत बसतात, स्लॅबमध्ये नाही. छताला जे चार-पाच गट्टू मारावे लागले, ते बारीक ड्रिलनं, आणि सळई लागल्यावर आवाज बदलतो, मशीन करकरते, तेव्हा तिथं जोर न करता भोक इंचभर सरकवायचं. बारीक भोकानं स्लॅबचं काही बिघडत नाही. झिरीनं बिघडतं.

भिंतीत झिरी चालते, पण तिलाही नियम आहे. झिरी उभी असावी, बोर्डापासून सरळ वर. नऊ इंची भिंतीत उभी झिरी तीन इंचापेक्षा खोल नको, आडवी झिरी शक्यतो नकोच आणि मारलीच तर दीड इंचाच्या आत. चार इंची भिंत असेल तर फार जपून, आणि दोन खोल्यांचे बोर्ड अशा भिंतीत पाठीला पाठ लावून बसवू नका, मध्ये काही उरतच नाही. झिरी तिरपी कधीच मारू देऊ नका. वायर वाचते म्हणून तिरपी मारतात. मग पाच वर्षांनी तुम्ही देवाचा फोटो लावायला खिळा ठोकता तेव्हा आत वायर आहे हे कुणाला आठवणार? वायर सरळ उभी असली की बोर्डाच्या वर आणि खाली खिळा ठोकायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं. झिरी बुजवायच्या आधी भिंतीजवळ टेप धरून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मोबाईल हरवतो, म्हणून एक फोटो मुलाकडं किंवा भावाकडंही पाठवा.

वायर कसली घ्यायची? नुसत्या दिव्याला 1 स्क्वेअर मिलीमीटरची तांब्याची वायर पुरते. दीडची घेतली तर उत्तम. पण त्याच लाईनवर पुढं कुणी तरी इस्त्री लावतं, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. ट्यूब 20 वॅटची, इस्त्री 1,000 वॅटची, म्हणजे पन्नास ट्यूब एकदम लावल्यासारखं. दिव्या-पंख्याच्या एका लाईनवर दहापेक्षा जास्त पॉइंट नसावेत आणि सगळं मिळून 800 वॅटच्या आत असावं, असा नियम आहे. म्हणजे एकटी इस्त्रीच नियम मोडते. गणवेशाला इस्त्री लागतेच, म्हणून आम्ही तिच्यासाठी मेन बोर्डापासून अडीच स्क्वेअर मिलीमीटरची वेगळी लाईन घेतली. वायरच्या गुंडाळीवर आयएसआयचा शिक्का बघा. बाजारात सुट्टी, बिनशिक्क्याची वायर मिळते, तिच्यात तांबं कमी असतं.

रंग लक्षात ठेवा. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग. तिन्ही वायरी दिव्यापर्यंत गेल्या पाहिजेत. वायरमन म्हणेल, "ट्यूबला अर्थिंग कशाला, प्लॅस्टिकची तर आहे." आज प्लॅस्टिकची आहे, उद्या तिथं लोखंडी पंखा किंवा पत्र्याचा दिवा लागेल. वीस-पंचवीस फूट हिरवी वायर किती रुपयांची? टाकून ठेवा.

जुन्या ट्यूबची जागा आमच्या कामी आली. तिथंच डबी बसवून जुनी वायर आणि नवी वायर जोडली, डबीला झाकण लावलं. जोड नेहमी डबीतच, झाकणाखाली, स्क्रूच्या कनेक्टरनं. पट्टीच्या आत किंवा पाइपच्या आत टेप गुंडाळून जोड दिला तर तो सैल होतो, तापतो, आणि आग कुठून लागली ते शोधायला घर उरत नाही. हे काम चालू असताना वायरमनजवळ उभं राहा आणि विचारा, "दादा, जोड कुठं दिलाय?" त्यानं डबी दाखवली पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे काम झाल्यावर तुम्ही स्वतः करून घ्यायचं. बटण फेजवर असलं पाहिजे, न्यूट्रलवर नाही. दोन्हीकडं दिवा लागतो आणि बंद होतो, म्हणून फरक कळत नाही. पण बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये वीज उभी असते. बाई समजते बटण बंद आहे, बल्ब बदलायला ओल्या हातानं स्टुलावर चढते. म्हणून काम संपल्यावर वायरमनला सांगा, बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावून दाखव. टेस्टर लख्ख पेटला तर फेरजोडणी करून घ्या, त्याशिवाय पैसे देऊ नका. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये घालून तपासायचा. बिघडलेला टेस्टर कुठंच पेटत नाही आणि आपण समजतो वीज नाही.

आणि स्वतःहून वायर जोडायला जाऊ नका, मी हे सगळं सांगते म्हणून तर मुळीच नाही. कायद्यानंही हे काम परवाना असलेल्या माणसाचं आहे. आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री असे दोन वर्षांचे कोर्स असतात. परवाना बघायला मागा. आपल्याला लाज वाटते, पण गटाच्या पैशातून काम करताना आपण दुकानदाराकडून पावती घेतो ना? तसंच हे.

मेन बोर्डाबद्दल थोडं. बऱ्याच घरांत एमसीबी असतो, म्हणजे आपोआप पडणारा स्विच. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला शॉक बसला तर तो पडेलच असं नाही, कारण माणूस मरायला लागणारा करंट त्याच्या हिशेबात फार थोडा असतो. माणसासाठी वेगळं यंत्र असतं, आरसीसीबी, आपल्याकडं काही जण ईएलसीबी म्हणतात. 30 मिलिअँपिअरचं घ्यायचं. वीज कुठं अंगातून किंवा भिंतीतून जमिनीत जायला लागली की ते क्षणात लाईन तोडतं. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. आम्ही गटाच्या मासिक बैठकीच्या दिवशी दाबतो, म्हणजे विसरत नाही. हे यंत्र ट्यूबपेक्षा महाग आहे. गटाच्या खोलीला आम्ही ते लावलं, आणि माझ्या घरी अजून लावायचंय, हेही खरं सांगते. हा हंगाम संपला की पहिलं ते.

ज्यांचं घर पत्र्याचं आहे त्यांनी हे कान देऊन ऐका. पत्र्याखाली आता प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं किंवा प्लायचं खोटं छत करतात, आणि वायर त्याच्यावर नुसती फेकून देतात. दिसत नाही, छान वाटतं. तिथं उंदीर असतात. उंदरानं वायर कुरतडली आणि उघडी तार पत्र्याला किंवा लोखंडी अँगलला टेकली तर सगळं छप्परच वीज धरतं. मग त्याच अँगलला बांधलेल्या तारेवर बाई ओली साडी वाळत घालायला जाते. पेपरात दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात. खोट्या छताच्या वर वायर पाइपमधूनच जाऊ द्या, पाइप लाकडाला किंवा भिंतीला धरून न्या, पत्र्याला टेकवू नका. जोड खाली हाताशी येईल अशा डबीत द्या. पत्र्याच्या घराला अर्थिंग आणि ते 30 मिलिअँपिअरचं यंत्र चैनीचं नाही. आणि कपड्याची दोरी सुतळीची किंवा नायलॉनची बांधा, तारेची नको. माळवदाच्या जुन्या घरात तर कोरायचा प्रश्नच येत नाही. तुळईच्या कडेनं पट्टी न्यायची, तुळईसारखाच रंग द्यायचा.

काही जण विचारतात, वरून गच्चीतून पाइप नेऊन स्लॅबला भोक पाडून खाली दिवा सोडला तर? होतं तसं. पण गच्चीवर उघडा पाइप उन्हानं तडकतो, आणि भोकातून पहिल्याच पावसात गळतं. गच्चीवर कोबा नव्यानं करणारच असाल तर त्याच्या थरात पाइप घेता येतो, तोही इंजिनिअरला विचारून. एका दिव्यासाठी मी तरी तो खटाटोप करणार नाही.

आता ज्यांचं घरकुल मंजूर झालंय आणि स्लॅब अजून पडायचाय, त्यांच्यासाठी. तुम्ही नशीबवान आहात, कारण छतात वायर खरोखर लपवायची वेळ हीच आहे. सेंट्रिंग झालं, लोखंड बांधलं, आणि काँक्रीट यायला एक दिवस आहे, त्या दिवशी वायरमनला बोलवा. पाइप खालच्या सळयांच्या वर टाकतात, तारेनं बांधतात. दिव्याच्या जागी डबी, पंख्याच्या जागी हुकाची डबी, तोंड खाली सेंट्रिंगच्या पाट्यांना टेकवून. डबीत कागद कोंबायचा, नाहीतर सिमेंटचं पाणी शिरून ती बुजते. पाइप जाड प्रतीचा घ्या. पातळ पाइप मजुरांच्या पायाखाली चेपतो आणि मग त्यातून वायर सरकत नाही. वळण मोठं द्यायचं, काटकोनात दोनदा वळवलं की वायर अडकते. पाइपात आधीच एक बारीक तार घालून ठेवली तर पुढं वायर ओढायला सोपं.

आणि त्या दिवशी बाईनं तिथं हजर पाहिजे. घरकुलाच्या कागदावर नाव तिचं असतं, पण दिवा कुठं हे वायरमन विचारतो घरच्या पुरुषाला, नाहीतर विचारतच नाही, खोलीच्या मधोमध एक डबी सोडून मोकळा होतो. खाली चौकटीत खडूनं आखा. ओटा इथं, मशीन इथं, पोरं अभ्यासाला बसतील ती जागा इथं. मग वर बोट दाखवून सांगा, डबी इथं, इथं आणि इथं. आज पैसे नसतील तर दिवा लावू नका, वायरही ओढू नका, नुसता रिकामा पाइप आणि डबी टाकून ठेवा. स्लॅब पडायच्या आधी हे शे-दोनशे रुपयांचं काम आहे. काँक्रीट पडण्याच्या आधी वरून दोन-चार फोटो काढायला विसरू नका.

आमच्या खोलीचा हिशोब सांगून थांबते, कारण बैठकीत सगळ्या तेच विचारतात. पट्टीच्या चार लांब्या 180 रुपये, तीन रंगांची मिळून वीस मीटर वायर 300, दोन ट्यूब 520, डबी, कनेक्टर, गट्टू, स्क्रू 80, मजुरी 400. एकूण 1,480 रुपये. इस्त्रीची लाईन आणि आरसीसीबी वेगळे. छताची दुरुस्ती 1,200 रुपये वेगळी, ती आम्ही गटाच्या खर्चात धरली नाही, मी माझ्या मानधनातून भरली. काकी म्हणाल्या, "अर्धं त्या वायरमनकडनं घ्यायचं होतंस." पण झिरी मारा असं मीच म्हटलं होतं.

छताला त्या दीड फुटाचा डाग अजून दिसतो. रंग लावायचा राहून गेलाय. मावशींचं बोट बरं झालं, त्या आता खिडकीकडून दुसऱ्या मशिनीवर बसतात आणि रात्री नऊपर्यंत काजं करतात. काकींना आम्ही आता बांधकाम चालू असलेल्या प्रत्येक घरकुलावर स्लॅबच्या आदल्या दिवशी घेऊन जातो. तुमच्या गावात स्लॅब पडायचा असेल आणि बोलवायचं असेल तर चार दिवस आधी रेडिओ केंद्रावर निरोप द्या.